पूयुक्त तारुण्यपिटिका : कारणमीमांसा, उपचार आणि चुकीच्या उपचारांचे दुष्परिणाम

सारांश

तारुण्यपिटिका अर्थात मुरूम हा किशोरवयीन व तरुण मुलामुलींमध्ये सर्वाधिक आढळणारा त्वचाविकार आहे. त्यातील पू धरलेल्या पुळ्या चटकन नजरेत भरतात. त्यामुळे त्यांविषयी गैरसमज अधिक आहेत आणि घाईने केलेल्या उपचारांचे प्रमाणही मोठे आहे. प्रस्तुत लेखात अशा पुळ्या निर्माण होण्याची प्रक्रिया, त्यांची कारणे, आहार व ताण यांचा संबंध आणि आज मान्य असलेली उपचारपद्धती यांचे विवेचन केले आहे. मूळ विकारापेक्षा त्यावर परस्पर केलेले उपचार, विशेषतः स्टिरॉइडयुक्त मलमे व प्रतिजैविकांचा अनिर्बंध वापर, अनेकदा अधिक हानी करतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ही हानी टाळण्यात महाविद्यालयीन अध्यापक कोणती भूमिका बजावू शकतात, याचाही विचार अखेरीस केला आहे.

बीजसंज्ञा : तारुण्यपिटिका, मुरूम, तैलग्रंथी, दाह, प्रतिजैविक प्रतिरोध, स्टिरॉइडयुक्त मलम.

१. प्रस्तावना

महाविद्यालयात प्रथम पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे वय साधारणतः १६ ते १८ वर्षांचे असते. याच वयात चेहऱ्यावर मुरूम येण्याचे प्रमाण सर्वाधिक असते. सन २०१० च्या जागतिक रोगभार अध्ययनाच्या अनुमानानुसार जगातील सुमारे ९.४ टक्के लोकसंख्येस हा विकार होता आणि व्यापकतेच्या दृष्टीने तो आठव्या क्रमांकाचा विकार ठरला. म्हणजेच आपल्यासमोर बसलेल्या कोणत्याही वर्गात मुरूम असलेले विद्यार्थी असणारच.

असे असूनही या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जात नाही. "वयाचा परिणाम आहे, आपोआप जाईल", "लग्न झाले की चेहरा स्वच्छ होतो", "अंगात उष्णता आहे" अशी वाक्ये घराघरांत ऐकू येतात. दुसरीकडे, ज्याच्या चेहऱ्यावर मुरूम असतात त्याला मात्र आरशापुढे उभे राहणे नकोसे होते. घरातून दुर्लक्ष आणि मनातून अस्वस्थता अशा कात्रीत सापडलेला विद्यार्थी औषधाच्या दुकानात जातो, मित्राने सुचविलेले मलम घेतो आणि तेथूनच खऱ्या समस्येस प्रारंभ होतो. म्हणून या विकाराची शास्त्रीय माहिती वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित न राहता सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांपर्यंत पोहोचणे आवश्यक वाटते.

२. संज्ञा व पूर्वपीठिका

या विकाराची ओळख आपल्या परंपरेस नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या वर्णनात 'मुखदूषिका' या विकाराचा उल्लेख येतो. कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीमुळे तरुणांच्या मुखावर शाल्मलीच्या म्हणजे काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या उठतात, असे तेथे सांगितले आहे. तारुण्याशी असलेला संबंध आणि पुळीचा आकार या दोन्ही बाबी त्या निरीक्षणात अचूक टिपल्या गेल्या आहेत. 'तारुण्यपिटिका' हा मराठी शब्दही हाच संबंध सांगतो.

तथापि या नावामुळे एक गैरसमजही रूढ झाला आहे. हा विकार केवळ तारुण्याचा नाही. पंचविशीनंतर, तिशीत व चाळिशीतही तो आढळतो आणि प्रौढ वयात त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक असते. त्यामुळे प्रस्तुत विषय विद्यार्थ्यांइतकाच अध्यापकांचाही आहे.

३. पुळी कशी तयार होते?

तळहात व तळपाय वगळता आपल्या बहुतेक त्वचेवर केसांची सूक्ष्म छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राच्या आत केसाचे मूळ असते आणि त्यास लागून तैलग्रंथी असते. ही ग्रंथी 'सीबम' नावाचा तेलकट स्राव निर्माण करते व तो छिद्रावाटे त्वचेवर येतो. चेहरा, छाती व पाठीचा वरचा भाग येथे या ग्रंथी मोठ्या व संख्येने अधिक असतात. म्हणूनच मुरूम प्रामुख्याने याच ठिकाणी येतात.

मुरमाच्या निर्मितीत चार घटक परस्परांशी गुंतलेले असतात.

पहिला घटक म्हणजे सीबमचे वाढलेले प्रमाण. पौगंडावस्थेत पुरुषी संप्रेरकांची, म्हणजे अँड्रोजेन गटातील संप्रेरकांची पातळी मुलामुलींत वाढते. मुलींमध्येही ही संप्रेरके अंडाशय व अधिवृक्क ग्रंथींतून स्रवतात. त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी मोठ्या होतात व अधिक स्राव करतात.

दुसरा घटक म्हणजे छिद्राचे तोंड बंद होणे. छिद्राच्या आतील अस्तराच्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. या विकारात मात्र त्या अधिक प्रमाणात तयार होतात व एकमेकींस चिकटून राहतात. पेशी व सीबम यांचे बूच तयार होते. या अवस्थेस 'कॉमेडोन' म्हणतात. छिद्राचे तोंड बंद राहिल्यास पांढरट टिपका दिसतो व ते उघडे राहिल्यास काळा टिपका दिसतो. हा काळेपणा धूळ किंवा मळ यांचा नसतो. तो मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेशी संयोग पावलेले स्निग्ध पदार्थ यांमुळे येतो. कितीही घासून धुतले तरी तो जात नाही, याचे कारण हेच होय.

तिसरा घटक जिवाणूंचा आहे. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू निरोगी माणसाच्या त्वचेवरही कायम वास्तव्यास असतो. पूर्वी तो प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस या नावाने ओळखला जाई. २०१६ मध्ये त्याचे नव्याने वर्गीकरण करण्यात आले. बंद झालेल्या, प्राणवायू कमी असलेल्या व तेलाने भरलेल्या छिद्रात त्याची वाढ होते.

चौथा व निर्णायक घटक म्हणजे दाह. जिवाणू व त्यांनी निर्माण केलेले पदार्थ यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा कार्यान्वित होते. न्यूट्रोफिल या प्रकारच्या श्वेतपेशी मोठ्या संख्येने तेथे धाव घेतात. या पेशी, त्यांचे अवशेष, जिवाणू व नष्ट झालेल्या ऊती यांचे मिश्रण म्हणजेच पू. थोडक्यात, पू ही 'अंगातील घाण' नसून शरीराने स्वतःच्या संरक्षणासाठी दिलेल्या लढ्याचा अवशेष आहे.

पूयुक्त पुळी फोडल्याने हानी का होते, हेही यावरून स्पष्ट होते. बाहेरून दाब दिल्यास थोडा पू वर येतो, परंतु छिद्राची नाजूक भिंत आतल्या बाजूसही फुटते व तेथील द्रव्य भोवतालच्या ऊतींत पसरते. दाह अधिक खोल जातो आणि चार दिवसांत बसली असती अशी पुळी कायमचा वण मागे ठेवून जाते.

४. प्रकार व निदान

वैद्यकीयदृष्ट्या मुरमांचे दोन मुख्य गट पडतात. कॉमेडोन हा दाहरहित गट होय. दाहयुक्त गटात लाल टणक पुळी, पू धरलेली पुळी, खोलवर जाणारी वेदनादायक गाठ आणि पुटी यांचा समावेश होतो. साधारणतः ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व खोल घट्ट उंचवट्यास गाठ म्हणतात. गाठी व पुटी असल्यास विकार तीव्र समजला जातो, कारण वण राहण्याचा धोका त्यांत सर्वाधिक असतो.

चेहऱ्यावरील प्रत्येक पूयुक्त पुळी ही मुरूमच असते असे नाही. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंमुळे केसाच्या मुळाशी होणारा संसर्ग, म्हणजे केसतूड, हा वेगळा विकार आहे. कपाळ, छाती व पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाज येणाऱ्या बारीक पुळ्या असतील व कॉमेडोन नसतील, तर तो बुरशीवर्गीय मॅलासेझियाचा संसर्ग असू शकतो. मुरमांसाठी दिलेल्या प्रतिजैविकांनी तो कमी होण्याऐवजी वाढू शकतो. काखेत व जांघेत वारंवार गळवे होऊन पू वाहणे हाही स्वतंत्र विकार आहे. निदान चुकले की उपचार चुकतो, म्हणून छायाचित्रावरून किंवा ऐकीव माहितीवरून औषध ठरविणे योग्य नव्हे.

५. विकार वाढविणारी कारणे

मुरूम होण्याच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांना तीव्र मुरूम झाले असतील तर अपत्यांत तशी शक्यता वाढते. त्याखेरीज पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

(अ) संप्रेरकांचे असंतुलन : मासिक पाळीतील अनियमितता, चेहऱ्यावर जाड केसांची वाढ व वाढते वजन यांसह मुरूम असतील, तर बहुपुटीय अंडाशय विकाराची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. अशा मुलीस केवळ चेहऱ्याचे मलम देणे म्हणजे मूळ विकाराकडे डोळेझाक करणे होय.

(आ) औषधे : पोटातून घेतलेली स्टिरॉइड, क्षयरोगावरील आयसोनियाझिड, लिथियम, फेनिटॉइन इत्यादी औषधांमुळे मुरमांसारख्या पुळ्या येऊ शकतात. मात्र त्यामुळे क्षयरोगाचे किंवा अपस्माराचे औषध परस्पर बंद करणे घातक आहे. ही बाब डॉक्टरांच्या निदर्शनास आणावी. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी पुरुषी संप्रेरके हेही तरुणांमधील तीव्र मुरमांचे एक कारण आहे.

(इ) तेल व प्रसाधने : डोक्यास भरपूर तेल लावून ते कपाळावर ओघळू दिल्यास केसांच्या रेषेलगत कॉमेडोन व पुळ्या येतात. दाट प्रसाधने, हेल्मेटचा पट्टा आणि २०२० नंतरच्या साथकाळात सतत वापरलेली मुखपट्टी यांचाही असाच परिणाम दिसून आला.

(ई) ताण : स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्ययनात २२ विद्यार्थ्यांच्या त्वचेची परीक्षाकाळात व परीक्षा नसतानाच्या काळात तपासणी करण्यात आली. ज्यांचा ताण अधिक वाढला, त्यांचे मुरूमही अधिक वाढल्याचे आढळले. नमुना लहान असला तरी परीक्षेच्या तोंडावर चेहरा बिघडल्याची विद्यार्थ्यांची तक्रार निराधार नाही, हे त्यावरून दिसते.

६. आहारविषयक वाद : संशोधनपद्धतीचा एक धडा

आहार व मुरूम यांच्या संबंधाचा इतिहास कोणत्याही विद्याशाखेतील संशोधकास उद्बोधक वाटेल असा आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ व्यक्तींवर एक प्रयोग करण्यात आला. सहभागी व्यक्तींना काही काळ चॉकलेटची वडी व काही काळ चॉकलेट नसलेली वडी देण्यात आली. मुरमांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. त्यावरून आहाराचा मुरमांशी संबंध नाही, असा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे सांगितला गेला. पुढे टीकाकारांनी दाखवून दिले की, तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर व स्निग्ध पदार्थ यांचे प्रमाण जवळपास तितकेच होते. म्हणजे प्रयोगाने फार तर कोकोविषयी काही सांगितले होते, साखरेविषयी नव्हे. तुलनागट सदोष असेल तर निष्कर्ष किती दूरवर चुकीचा प्रवास करतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अध्ययनाने हा प्रश्न पुन्हा चर्चेत आणला. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील १,२०० रहिवासी आणि पॅराग्वेमधील आचे जमातीच्या ११५ व्यक्ती यांची तपासणी करण्यात आली असता एकाही व्यक्तीस मुरूम आढळले नाहीत. या दोन्ही समाजांच्या आहारात प्रक्रिया केलेले पिष्टमय पदार्थ व साखर अत्यल्प होती. अर्थात आनुवंशिकता व राहणीमान यांचे वेगळेपण लक्षात घेता केवळ आहारास याचे श्रेय देता येत नाही.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे नियंत्रित प्रयोग झाला. रक्तातील साखर झपाट्याने न वाढविणारा आहार घेतलेल्या गटात मुरूम अधिक कमी झाले. परंतु त्या गटाचे वजनही कमी झाल्याने दोन्ही परिणाम वेगळे करणे कठीण गेले. दुधाचे सेवन व मुरूम यांचा संबंधही काही निरीक्षणात्मक अध्ययनांत दिसतो, तथापि तो कार्यकारणसंबंध सिद्ध करीत नाही.

या सर्वांचा मथितार्थ असा की, शीतपेये, मिठाई व मैद्याचे पदार्थ कमी करणे हितावह आहे; परंतु आहार हा औषधोपचारास पर्याय नव्हे. मुलांचे दूध, शेंगदाणे, आंबा सरसकट बंद करणे किंवा "पोट साफ नाही" म्हणून वारंवार रेचके देणे यास शास्त्रीय आधार नाही.

७. मान्य उपचारपद्धती

उपचारांचे मूलतत्त्व एकच आहे : चारपैकी अधिकाधिक घटकांवर एकाच वेळी परिणाम साधणे आणि तो पुरेसा काळ टिकविणे.

(अ) त्वचेची निगा : सौम्य साबणाने किंवा द्रव प्रक्षालकाने दिवसातून दोनदा चेहरा धुणे पुरेसे असते. वारंवार धुणे व खरखरीत पदार्थांनी घासणे यामुळे त्वचेचे संरक्षक आवरण बिघडते. टूथपेस्ट व खाण्याचा सोडा यांचा चेहऱ्यावर प्रयोग करू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

(आ) बाह्य औषधे : सौम्य विकारात दोन औषधे पायाभूत मानली जातात. अ‍ॅडापेलीन किंवा ट्रेटिनॉइन ही 'अ' जीवनसत्त्वाशी संबंधित रेटिनॉइड गटातील द्रव्ये छिद्रातील बूच तयार होऊ देत नाहीत. रात्री, वाटाण्याएवढ्या प्रमाणात, केवळ पुळीवर नव्हे तर संपूर्ण बाधित भागावर ती लावावी लागतात. प्रारंभी त्वचा कोरडी होते, सोलवटते व थोडी चुरचुरते. म्हणून एक दिवसाआड सुरुवात करणे सोयीचे पडते. गरोदरपणात ही औषधे टाळली जातात. त्याऐवजी अ‍ॅझेलाइक आम्लाचा पर्याय उपलब्ध असतो.

दुसरे औषध बेंझॉयल पेरॉक्साइड हे होय. ते जिवाणूंचा नाश करते आणि विशेष म्हणजे त्याविरुद्ध जिवाणूंमध्ये प्रतिरोध निर्माण झाल्याचे आढळलेले नाही. पूयुक्त पुळ्यांवर २.५ टक्के तीव्रतेचे औषध १० टक्क्यांइतकेच परिणामकारक असते व त्याने त्वचेचा दाह कमी होतो. त्यामुळे 'अधिक तीव्र ते अधिक गुणकारी' हा समज येथे लागू पडत नाही. या औषधाने रंगीत टॉवेल व उशीच्या अभ्र्यांचा रंग उडतो. तसेच उष्णतेने त्याचे विघटन होऊन बेंझीन तयार होऊ शकते, ही बाब २०२४ मध्ये चर्चेत आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ९५ उत्पादनांच्या तपासणीत बहुसंख्य उत्पादनांत बेंझीन आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले. मोजकीच उत्पादने परत घेण्यात आली. तरीही विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याचा विचार करता हे औषध थंड जागी ठेवणे व मुदतबाह्य झाल्यास टाकून देणे श्रेयस्कर होय.

(इ) पोटातून घ्यावयाची औषधे : मध्यम व तीव्र दाहात डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक दिले जाते. ते भरपूर पाण्यासोबत घ्यावे व घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेस इजा होऊ शकते. त्याचा कालावधी शक्यतो ३ ते ४ महिन्यांपुरता मर्यादित ठेवावा, असा संकेत आहे. ते गरोदर स्त्रिया व ८ वर्षांखालील मुलांना दिले जात नाही.

स्त्रियांमध्ये संप्रेरकांवर कार्य करणारी औषधे उपयुक्त ठरतात. त्यांपैकी स्पायरोनोलॅक्टोनची उपयुक्तता २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील नियंत्रित चाचणीत दिसून आली. तैलग्रंथींवरील संप्रेरकांचा परिणाम थेट त्वचेतच रोखणारे क्लास्कोटेरोन हे मलम अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले.

गाठी, पुटी व वण निर्माण करणाऱ्या तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये त्यास मान्यता मिळाली. ते चारही घटकांवर परिणाम करते. मात्र गर्भावस्थेत घेतल्यास गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. म्हणून उपचारापूर्वी एक महिना, उपचारकाळात व नंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य असते. यकृत व रक्तातील स्निग्ध पदार्थांची तपासणीही करावी लागते. मनःस्थितीत बदल जाणवल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे. डॉक्सिसायक्लिनसोबत ते घेतले जात नाही, कारण त्यामुळे मेंदूभोवतालचा दाब वाढण्याचा धोका असतो. असे औषध मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणून घेणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

(ई) धीर : कोणत्याही उपचाराचा परिणाम दिसण्यास ६ ते ८ आठवडे लागतात व खरे मूल्यमापन १२ आठवड्यांनंतरच करता येते. आज लावलेले औषध आज दिसणारी पुळी घालविण्यापेक्षा पुढील महिन्यातील पुळी रोखण्यासाठी असते. हे न सांगितल्यामुळे विद्यार्थी पंधरा दिवसांत उपचार सोडतात आणि 'लगेच गुण देणाऱ्या' मलमाच्या शोधास लागतात.

८. उपचारांतून उद्भवणारी हानी

'लगेच गुण देणारे' मलम बहुधा स्टिरॉइडयुक्त असते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांसारखी द्रव्ये दाह दाबून टाकतात व रक्तवाहिन्या आकुंचित करतात. दोनतीन दिवसांत लाली ओसरते, वर्ण उजळल्यासारखा वाटतो आणि वापरणाऱ्याचा विश्वास बसतो. परंतु मूळ कारण तसेच राहते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि एकाच वेळी एकसारख्या पुळ्यांचे पीक येते. मलम थांबविताच चेहरा लाल होऊन आग होते. त्यामुळे घाबरून ते पुन्हा लावले जाते. अशा रीतीने त्वचा मलमाच्या आहारी जाते. उजळ वर्णाच्या सामाजिक हव्यासाने या दुष्टचक्रास बळ दिले आहे.

भारतातील १२ त्वचारोग केंद्रांत झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अध्ययनात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ म्हणजे १४.८ टक्के रुग्ण चेहऱ्यावर स्टिरॉइड वापरीत असल्याचे आढळले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरेतर व्यक्तींनी सुचविले होते आणि मुरूम होणे किंवा वाढणे हा त्यांच्यातील सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता. मुरूम घालविण्यासाठी वापरलेले मलमच मुरूम वाढवीत होते, असा याचा अर्थ आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या पाठपुराव्यानंतर केंद्र शासनाने २०१८ मध्ये १४ बाह्य स्टिरॉइडांना अनुसूची 'एच' मध्ये आणले. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तथापि नियम कागदावर असणे व दुकानाच्या काउंटरवर पाळला जाणे यांत अंतर राहते. ते कमी करण्याचे एक साधन ग्राहकाची साक्षरता हे आहे.

दुसरी हानी प्रतिजैविकांच्या गैरवापराची. मुरमांच्या जिवाणूंत एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांविरुद्ध प्रतिरोध निर्माण झाल्याची नोंद १९७९ मध्येच झाली व पुढे जगभर तो पसरला. क्लिंडामायसिनचे मलम एकटे न वापरता बेंझॉयल पेरॉक्साइडसोबत वापरावे, असे मार्गदर्शक सूत्रांत म्हणूनच सांगितले जाते. चेहऱ्यासाठी महिनोनमहिने घेतलेल्या प्रतिजैविकाचा परिणाम शरीरातील अन्य जिवाणूंवरही होतो. हा प्रश्न केवळ वैयक्तिक सौंदर्याचा न राहता सार्वजनिक आरोग्याचा होतो, तो येथेच.

तिसरी हानी डाग व वण यांची. आपल्याकडील गव्हाळ व सावळ्या त्वचेत दाह ओसरल्यावर काळे डाग पडण्याची प्रवृत्ती अधिक असते. पुळी आठवड्यात बसते, डाग मात्र महिनोनमहिने राहतो. उन्हापासून संरक्षण व वेळेवर उपचार हाच त्यावर उपाय होय. खड्ड्यांसारखे वण लेसर, सूक्ष्म सुयांची प्रक्रिया इत्यादींनी काही अंशी सुधारतात, परंतु ते उपचार खर्चिक असतात व पूर्ण यश देत नाहीत.

९. मानसिक परिणाम व अध्यापकांची भूमिका

नॉर्वेतील ओस्लो येथे १८-१९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीत अधिक मुरूम असलेल्यांमध्ये आत्महत्येचे विचार, मानसिक समस्या व मित्रपरिवारापासून दुरावा यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. म्हणून "एवढ्याशा पुळीचे काय घेऊन बसलास?" हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी असला तरी ऐकणाऱ्यास तो जिव्हारी लागू शकतो.

ओळखपत्राच्या छायाचित्रास नकार देणारा, स्नेहसंमेलनात ऐनवेळी नाव मागे घेणारा, तोंडी परीक्षेत मान वर न करणारा विद्यार्थी आळशी किंवा भित्रा असेलच असे नाही. अशा वेळी अध्यापकाने उपचार सुचवू नयेत. मात्र पुढील बाबी त्यास सहज करता येतील :

(१) वर्गात किंवा इतरांसमक्ष विद्यार्थ्याच्या चेहऱ्याविषयी कौतुकाने, काळजीने वा विनोदानेही काही बोलू नये.

(२) एकांतात विचारणा करून हा उपचारसाध्य विकार आहे, एवढे आवर्जून सांगावे व जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाकडे पाठवावे.

(३) गाठी, वण, पाळीची अनियमितता, ताप किंवा निराशा असल्यास विलंब करू देऊ नये. नाक व वरच्या ओठाच्या परिसरातील मोठे केसतूड दाबू नये. तेथील शिरांचा मेंदूलगतच्या शिरांशी संबंध असल्याने क्वचित गंभीर संसर्ग होऊ शकतो.

(४) राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमात 'मलमाची नळी वाचूया' असा प्रकल्प घेता येईल. घरातील मलमांवरील घटक, 'आरएक्स' चिन्ह, तांबडी रेघ व मुदत यांची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. रसायनशास्त्र, वाणिज्य, मराठी व समाजशास्त्र या सर्व विभागांना त्यात काम आहे.

१०. निष्कर्ष

१. पूयुक्त तारुण्यपिटिका हा तैलग्रंथी व केसांच्या छिद्रांचा दाहजन्य विकार आहे. अस्वच्छतेचे किंवा दुर्वर्तनाचे ते लक्षण नाही.

२. आहार व ताण हे विकार वाढविणारे घटक असू शकतात, तथापि एकमेव कारण नव्हेत.

३. रेटिनॉइड व बेंझॉयल पेरॉक्साइड यांवर आधारित, किमान १२ आठवड्यांचा, वैद्यकीय देखरेखीखालील उपचार बहुसंख्य रुग्णांत गुणकारी ठरतो.

४. स्टिरॉइडयुक्त मलमे व प्रतिजैविकांचा परस्पर वापर मूळ विकाराहून अधिक व काही वेळा कायमस्वरूपी हानी करतो.

५. विद्यार्थ्याचा पहिला चुकीचा उपचार रोखण्याची संधी पुष्कळदा डॉक्टरांआधी अध्यापकास मिळते.

मुरूम कालांतराने बहुतेकांचे कमी होतात, हे खरे आहे. परंतु त्या काळात चुकीच्या मलमाने पातळ झालेली त्वचा, पडलेले वण आणि खचलेला आत्मविश्वास आपोआप पूर्ववत होत नाहीत. म्हणून 'आपोआप जाईल' या उत्तराऐवजी 'यावर योग्य उपचार आहे, आणि तो अमुक ठिकाणी मिळतो' हे उत्तर विद्यार्थ्यास आपल्याकडून मिळावे, एवढीच अपेक्षा.